पाटीचे दान आणि रोजचे औषध

आपल्या समाजात दानाची वानवा कधीच नव्हती. रुग्णालयासाठी निधी गोळा करण्यास मंडळी पेठेत निघाली, की ती रिकाम्या हाताने परतत नाहीत. परंतु हा पैसा कशासाठी मागितला जातो व कशासाठी दिला जातो, याचा विचार व्यापाऱ्याच्या नजरेने होत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. इमारतीस पैसा मिळतो, यंत्रास मिळतो. कारण दोहोंवर नावाची पाटी बसते. परिचारिकेच्या पगारास व औषधांच्या उधारीस तो मिळत नाही. तेथे पाटी कोठे लावणार?

डायलिसिसचे यंत्रच घ्या. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णास आठवड्यातून दोनदा, बहुधा तीनदा, सुमारे चार तास त्या यंत्राशी जखडून राहावे लागते. मूत्रपिंडरोपण न झाल्यास जन्मभर. तीनदा धरले तर एका रुग्णाच्या वर्षाकाठी १५६ खेपा झाल्या. दर खेपेस सुमारे १२० लिटर शुद्ध पाणी, गाळणी, नळ्या, सुया, औषधे आणि जवळ जाणकार तंत्रज्ञ हवा. यंत्राची किंमत एकदाच मोजावयाची. हा खर्च रोजचा. दुकान थाटून द्यावे आणि खेळते भांडवल देऊ नये, असा व्यवहार आपल्यापैकी कोणी पेढीवर करील काय? मग दानातच तो का व्हावा? खर्च न झेपून रुग्णाने खेप चुकविली, तर यंत्रावरची पाटी त्याला वाचवीत नाही.

जुने दाते याबाबत अधिक सावध होते. मुंबईचे जे. जे. रुग्णालय १८४५ साली सुरू झाले. त्यासाठी सर जमशेटजी जीजीभाई यांनी एक लाख रुपये देऊ केले, ते सरकारनेही तितकीच रक्कम घालावी या अटीवर. परळचे के. ई. एम. रुग्णालय व त्यास जोडलेले शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ सालचे. वैद्यकातील वरच्या जागा गोऱ्यांच्या हाती असण्याच्या त्या काळात, येथे भारतीय डॉक्टरच नेमावेत, अशी अट देणगीबरोबर घालण्यात आली. नाव या दात्यांचेही वास्तूवर आहे, हे आम्ही विसरत नाही. परंतु त्यांनी आत काय चालावे याचीही चिंता वाहिली.

आहार, औषध, अभय व शास्त्र या आपल्या चार दानांत औषध आहे, वास्तू नाही. आणि नित्याच्या दानाची रीत आपल्या बाजारास नवी नाही. अडतीच्या बिलात धर्माद्याची रक्कम वेगळी लावण्याची चाल जुनी आहे. धर्मादा ही व्यापाऱ्याची मिळकत नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला, तो याच चालीविषयी. महाराष्ट्रात २००६ सालच्या उच्च न्यायालयाच्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांस मोफत व १० टक्के दुर्बलांस सवलतीने द्याव्या लागतात, आणि एकूण बिलाचे २ टक्के निर्धनांच्या निधीत टाकावे लागतात. आम्हांस ही धर्माद्याचीच चाल दिसते. सीमेच्या अलीकडे आपल्यावर त्या योजनेची सक्ती नाही, म्हणून काही बंधू सुटकेचा निःश्वास टाकतात. तो आम्हांस शोभत नाही.

संघाने येत्या पाडव्यापासून इमारतीसाठी पावतीपुस्तक काढण्याऐवजी औषधाचे स्वतंत्र खाते उघडावे. ज्याने त्याने आपल्या नफ्यातून, कुवतीप्रमाणे, दरमहा त्यात रक्कम भरावी. लहान असली तरी चालेल, खंड पडता कामा नये. दर दिवाळीस जमा किती, खर्च किती, किती रुग्णांच्या किती खेपा झाल्या, याचा हिशेब स्मरणिकेत छापावा. दात्यांची नावे हवी तर अकारविल्हे छापावीत, आकडे नकोत. रुग्णांची नावे मात्र मुळीच छापू नयेत, आणि खाटेवरच्या माणसाच्या हाती फळे देतानाची छायाचित्रेही नकोत.