पत्त्यावरून ठरणारे उपचार



बर्मिंगहॅमच्या सेली ओकचे माजी खासदार स्टीव्ह मॅकेब यांनी वंध्यत्वावरील उपचारांसाठी संसदेत विधेयक आणले, तो वेळ त्यांनी मतदारसंघाला द्यायला हवा होता, अशा आशयाचे पत्र गेल्या अंकात वाचले. ते पटले नाही.

पत्रलेखकाने उल्लेखलेले रस्त्यांवरचे खड्डे बुजवणे हे तिथल्या नगर परिषदेचे काम आहे, खासदाराचे नव्हे. उलट ‘एनएचएस’ या सरकारी आरोग्यसेवेकडून उपचार नाकारले गेलेले जोडपे खासदाराकडे दाद मागू शकते. उपचारांचे निकष सुचवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेच्या 2013 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, निकषांत बसणाऱ्या चाळिशीच्या आतील स्त्रीला आयव्हीएफची (टेस्ट ट्यूब पद्धतीच्या उपचारांची) तीन पूर्ण आवर्तने मिळायला हवीत. पण इंग्लंडमध्ये निर्णय स्थानिक आरोग्य मंडळांचा. बऱ्याच ठिकाणी एकावरच बोळवण होते. जोडीदाराला आधीच्या नात्यातून मूल असेल तर काही मंडळे तेही नाकारतात. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये मात्र पात्र जोडप्यांना तीन आवर्तने मिळतात.

‘हा खासगी प्रश्न आहे’ हे पत्रलेखकाचे म्हणणेही टिकत नाही. दुःख खासगी असेल, पण कर सगळेच भरतात आणि उपचार मात्र पत्त्यावरून ठरतात. जगातील पहिले टेस्ट ट्यूब बाळ 1978 मध्ये इंग्लंडमधीलच ओल्डहॅमच्या सरकारी रुग्णालयात जन्मले, हे विसरू नये.

विधेयकाचा कायदा झाला नाही, हे खरे. म्हणून ते मांडणे निरर्थक ठरत नाही. एकेका जोडप्यासाठी पत्रे लिहीत बसण्यापेक्षा नियमच बदलायला लावणे, हेही मतदारसंघाचेच काम आहे.

— एक वाचक, बर्मिंगहॅम