फाशी हवी, पण कोणाच्या नावाने?

फाशी रद्द करावी का, हा वाद निघाला की कोणीतरी म्हणतोच, "मग सीमेवरच्या जवानाला काय सांगणार?" तो जवान मीच, म्हणून माझे मत सांगतो.

२०१५ साली विधी आयोगाने २६२व्या अहवालात फाशी रद्द करण्याची शिफारस केली. दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारणे हे गुन्हे मात्र वगळले. वरवर पाहता हे आम्हा फौजींना पटणारे.

पण अक्षरधाम आठवा. सप्टेंबर २००२मध्ये गांधीनगरच्या मंदिरात घुसलेले दोन्ही हल्लेखोर एनएसजी कमांडोंनी टिपले. त्या कारवाईत जवानही शहीद झाले. पुढे कटाच्या खटल्यात तिघांना फाशी सुनावली गेली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. मे २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषी ठरवलेल्या सहाही जणांची निर्दोष मुक्तता केली.

चकमकीत समोरचा हत्यारबंद असतो, विचाराला क्षणच मिळतो. कोठडीतला माणूस निःशस्त्र असतो, आणि पुरावा तपासायला वर्षे मिळतात. त्या तिघांना घाईने लटकवले असते, तर आमच्या शहिदांना कसला न्याय मिळाला असता?

गुन्हेगाराला मरेपर्यंत तुरुंगात ठेवा. आमच्या नावाने फाशी मात्र मागू नका.

जय हिंद.