काकूंची हळद आणि माझी काचपट्टी

संपादकांचा निरोप आला, "या खेपेस तुमचे रसायनशास्त्र जरा फराळाच्या ताटात वाढा." आज्ञा शिरसावंद्य. पण फराळ आणि रसायनशास्त्र हे दोन शब्द एकत्र आले, की मला १९७८ सालची दिवाळी आठवते आणि या वयातही कानाच्या पाळ्या गरम होतात. त्या वर्षी मी एका बाईची दिवाळी जवळजवळ बुडवली होती.

तेव्हा आम्ही गिरगावात चाळीत राहत होतो. माझे नुकतेच लग्न झाले होते आणि एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीही नवीनच होती. तळमजल्यावर एक काकू राहत. यजमान गेल्यापासून त्या हळद, तिखट, चकलीची भाजणी, उटणे असे करून विकत आणि त्यावर मुलाचे शिक्षण चालवत. दिवाळीआधीच्या पंधरा दिवसांत त्यांची निम्म्या वर्षाची बेगमी होई.

शेजारच्या बिऱ्हाडातून आमच्याकडे चिवडा आला. रंग असा पिवळाजर्द, की पोह्यांना कावीळ झाल्यासारखे वाटावे! सौभाग्यवती म्हणाल्या, "काकूंची हळद आहे हो. रंग बघा कसा उतरलाय." झाले! माझ्यातला रसायनज्ञ जागा झाला. हळदीत मेटॅनिल यलो नावाचा रंग मिसळतात हे मी वाचले होते. हा कापड आणि कातडे रंगवायचा रंग. अन्नात घालायला आपल्याकडे त्याला बंदी आहे. पण तो स्वस्त, आणि चिमूटभराने निकृष्ट हळद झळाळून उठते. त्यावर तीव्र हायड्रोक्लोरिक ऍसिडचे थेंब टाकले, की तो गर्द गुलाबी होतो.

ऍसिडची एक लहान बाटली मी प्रयोगशाळेतून आणलेली होतीच. गॅलरीत चार माणसे जमली. वाटीत काकूंची हळद घेतली, कोमट पाणी शिंपडले, वर ऍसिडचे थेंब सोडले. हळद जांभळट-गुलाबी झाली! मी न्यायाधीशाच्या थाटात म्हणालो, "पाहा, भेसळ!"

संध्याकाळपर्यंत ही बातमी तिन्ही मजले फिरली. दुसऱ्या दिवशी सात घरांनी काकूंकडची मागणी परत घेतली. हळदीबरोबर भाजणीसुद्धा. रात्री काकू जिना चढून वर आल्या. रडल्या नाहीत, भांडल्याही नाहीत.

"बाबू, हळकुंडं मी सांगलीहून आणवते. जातं माझ्या घरचं. मग माझ्या हळदीत निघालं तरी काय?"

मी रंगाचे नाव सांगितले. त्या म्हणाल्या, "तुझ्या त्या बाटलीपेक्षा मोठं काही यंत्र असेल, तर त्यात घालून बघ. आणि मग मला सांग."

त्यांनी पुडी माझ्या हातावर ठेवली. सौ. माझ्याकडे बघेनात.

सकाळी मी सगळी हकीकत आमच्या मुख्य रसायनज्ञांना सांगितली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "नंतर पाणी घातलंस का?" मी गप्प. वाचकहो, शुद्ध हळदसुद्धा तीव्र ऍसिडात लालसर-जांभळी होते! फरक एवढाच, की भरपूर पाणी घातले की शुद्ध हळदीचा तो रंग नाहीसा होतो आणि मेटॅनिल यलोचा टिकतो. कॉलेजात शिकलेली ही अर्धी ओळ मी गॅलरीतल्या टाळ्यांसाठी विसरलो होतो.

"आता टी.एल.सी. कर," साहेब म्हणाले.

टी.एल.सी. म्हणजे पातळ थराची क्रोमॅटोग्राफी. मराठीत तिला वर्णलेखन म्हणतात. हिचा मूळपुरुष रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याने खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून पानांचा अर्क सोडला, तर हिरव्या अर्कातून हिरव्यापिवळ्या रंगांचे वेगवेगळे पट्टे निघाले. त्याच्या आडनावाचा अर्थच मुळी 'रंग'! नळीच्या जागी काचेवरचा पातळ थर १९३८ साली खारकोव्हमध्ये इझमाइलोव्ह आणि श्रायबर यांनी वापरला, आणि १९५० नंतरच्या दशकात एगॉन श्टाल या जर्मन शास्त्रज्ञाने त्याला शिस्त लावली.

आता तयार पट्ट्या मिळतात. तेव्हा आम्ही त्या घावनासारख्या घरीच घालत असू. तीस ग्रॅम सिलिका जेल, त्याच्या दुप्पट पाणी, बाटलीत हलवून सरसरीत करायचे आणि काचेवर पाव मिलिमीटर जाडीचा थर ओढायचा. त्या भुकटीत जिप्सम असते, म्हणून चार-पाच मिनिटांत हात आवरावा लागतो. नाहीतर बाटलीतच गोळा. मग थर वाळवून ११० अंशांच्या भट्टीत तापवायचा. माझे पहिले दोन थर फाटले. हात कापत होते, दुसरे काय!

खालच्या कडेपासून दीड सेंटिमीटरवर पेन्सिलीने हलकी रेघ मारली. पेनाने मारायची नाही, कारण शाई स्वतःच वर चढू लागते. रेघेवर केसासारख्या बारीक नळीने अर्काचे ठिपके द्यायचे. मी दोन ठिपके द्यायला निघालो होतो: काकूंची हळद आणि शुद्ध मेटॅनिल यलो. साहेबांनी थांबवले. "चार दे. एक, तू स्वतः कुटलेल्या हळकुंडाचा. आणि एक, काकूंच्याच हळदीत तू मुद्दाम थोडा रंग मिसळून. चोर दिसला नाही, तर चोर नव्हता की तुझे डोळे अधू होते, हे कसं कळणार?"

हा चौथा ठिपका मी जन्मभर विसरलो नाही.

पट्टी झाकणाच्या काचपात्रात उभी केली. तळाशी पंचाण्णव भाग क्लोरोफॉर्म आणि पाच भाग मेथॅनॉल. ठिपके त्यात बुडता कामा नयेत. टीपकागदात शाई चढावी तसे ते मिश्रण थरातून वर चढू लागते. पुढे काय होते, ते भुलेश्वरच्या गल्लीत सौ.बरोबर गेलेल्यांना सांगायला नको. गर्दी दोघांनाही पुढे ढकलत असते. मी तिच्याबरोबर सरळ टोकाला पोचतो, सौ. दर दुकानाशी थांबतात. सिलिका ही दुकाने, द्रावक ही गर्दी. ज्या रेणूला सिलिकेची ओढ जास्त तो मागे राहतो, ज्याला कमी तो पुढे जातो. द्रावक बारा सेंटिमीटर चढले आणि डाग नऊ, तर त्याचा आकडा ०.७५. तोच थर, तेच द्रावक, तर आकडाही जवळपास तोच. पण हवेतल्या दमटपणानेही तो हलतो, म्हणून संशयित आणि ओळखीचा माणूस एकाच पट्टीवर शेजारी उभे करायचे.

(डोळ्यांना न दिसणारे पदार्थ आयोडिनच्या वाफेत तपकिरी उमटतात. १९७१ साली ग्लक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पद्धतीने गर्भजलातल्या दोन स्निग्ध पदार्थांचे प्रमाण पाहून पोटातल्या बाळाची फुप्फुसे तयार झाली आहेत का, हे ओळखायची रीत दाखवली. लेसिथिन दुसऱ्याच्या दुप्पट भरले, की डॉक्टर निश्चिंत. मोठी साधी वस्तू आहे हो ही!)

पाऊण तास मी काचपात्रासमोर बसून होतो. हळूहळू पहिल्या ठिपक्यातून तीन पिवळे डाग सुटले. सर्वांत वर कर्क्युमिन, खाली त्याची दोन भावंडे. काकूंच्या रांगेत तेच तीन, त्याच उंचीवर. शुद्ध रंग तळाशीच रेंगाळला. चौथ्या रांगेत तीन डाग वर आणि रंगाचा एक तळाशी. म्हणजे डोळे अधू नव्हते. ऍसिडचा फवारा मारला. हळदीचे डाग लालसर झाले, ते व्हायचेच. तिसऱ्या आणि चौथ्या रांगेचा तळ गर्द गुलाबी झाला. काकूंच्या रांगेचा तळ कोरा.

साहेब म्हणाले, "एका पट्टीवर उडी मारू नकोस." द्रावक बदलून पुन्हा केले. तळ पुन्हा कोरा. चिवडा पिवळा होता, कारण शेजारणीने हळदच सढळ हाताने घातली होती!

फवारा न मारलेली दुसरी पट्टी मी वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणली आणि थेट तळमजल्यावर गेलो. काकू भाजणी चाळत होत्या.

"यातली माझी कोणती?"

"दुसरी."

"आणि ही पहिली?"

"ती मी हळकुंड कुटून केली."

"सारखीच दिसते की."

"सारखीच आहे, काकू. माझंच चुकलं."

त्यांनी चाळण खाली ठेवली. "हे मला नको सांगूस. वर गॅलरीत सांग. तिथंच बोलला होतास ना?"

त्या रात्री काच हातात घेऊन मी सात दारे वाजवली. पाच घरांनी मागणी पुन्हा नोंदवली. दोघांनी तोवर बाजारातून आणले होते, त्यांना काय म्हणणार? त्या दोघांची हळद आणि भाजणी मी विकत घेतली. काकूंनी पैसे मोजून घेतले, एक पैसा कमी केला नाही. आमच्याकडे शिमग्यापर्यंत चकल्या चालल्या होत्या.

पट्टी मात्र काकूंनी मागून घेतली. मी वर दुसरी काच ठेवून कडा चिकटपट्टीने बंद करून दिल्या. त्यांनी ती हळदीच्या डब्याशेजारी उभी केली. संक्रांतीला तिळगूळ घ्यायला गेलो, तर म्हणाल्या, "अरे, तुझ्या साक्षीदारांचा रंग उडाला!" कर्क्युमिन उजेडात विटते. म्हणून तर डाग दिसताच भोवती पेन्सिलीने गोल करून ठेवायची आमची रीत, आणि ते गोल तेवढे शिल्लक होते. काकूंनी पुढच्या दिवाळीला नवी पट्टी मागितली. १९८५ साली आम्ही चाळ सोडली, तोवर दर आश्विनात मी एक करून देत होतो. चारही ठिपक्यांची.