नीटच्या फलकांपलीकडे: लातूर-नांदेडमधल्या गावच्या शाळेचं काय?

नीटचा निकाल लागला की लातूर आणि नांदेडमध्ये चौकाचौकांत गुणवंतांचे फलक लागतात. राज्यभरातून आलेली मुलं इथे भाड्याच्या खोल्यांत राहून, मेसवर जेवून डॉक्टर होण्याची तयारी करतात. याच दोन जिल्ह्यांतल्या अनेक वाड्या-तांड्यांवर मात्र जिल्हा परिषदेच्या शाळेत एकच शिक्षक दोन-तीन इयत्ता एकत्र बसवून शिकवतो. २०११च्या जनगणनेत राज्याची साक्षरता सुमारे ८२ टक्के होती. लातूरची ७७ आणि नांदेडची ७५ टक्के होती. ‘पॅटर्न’ जगजाहीर झाला, तरी जिल्हे सरासरीच्या मागेच होते. असं का?

लातूर पॅटर्न काय होता?

निजामाच्या राजवटीत मराठवाड्यात शाळा-कॉलेजं मोजकीच होती. १९४८मध्ये हा भाग मुक्त झाल्यावर स्थानिक संस्थांनी ती उभी केली. नांदेडचं पीपल्स कॉलेज १९५०चं, लातूरचं राजर्षी शाहू महाविद्यालय १९७०चं.

पुढे लातूरच्या कॉलेजांनी एक साधी पद्धत बसवली. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, सराव परीक्षा पुन्हा पुन्हा घ्यायच्या, पेपर तपासून प्रत्येकाला त्याच्या चुका दाखवायच्या. खेड्यातून आलेला मुलगा बोर्डाच्या गुणवत्ता यादीत झळकू लागला, तो या मेहनतीमुळे. विशेष म्हणजे हे सगळं कॉलेजच्या वर्गात, कॉलेजचेच शिक्षक करत होते.

सीईटी आणि नंतर नीट आली, तसं वजन खासगी क्लासकडे सरकलं. मुलं कॉलेजात नावापुरती उरल्याच्या तक्रारी राज्यभर वाढल्या. २०१८मध्ये सरकारला विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची करावी लागली. क्लासची फी, खोली आणि मेस हा खर्च आता घरच्यांवर पडतो.

मग अडचण कुठे आहे?

पॅटर्न अकरावीत सुरू होतो. तिथपर्यंत कोण पोहोचणार, हे मात्र पहिली ते आठवीत ठरतं.

शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. म्हणजे चौथीपर्यंतच्या छोट्या शाळेत प्रत्येक शिक्षकाकडे किमान दोन इयत्ता. जनगणना आणि निवडणुकीची कामंही याच शिक्षकांकडे येतात. एक जण त्या कामावर गेला की चारही इयत्ता दुसऱ्याच्या गळ्यात.

त्यात स्थलांतराची भर पडते. कंधार, मुखेड, लोहा, जळकोट, अहमदपूर या डोंगराळ, कोरडवाहू तालुक्यांतली कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला किंवा वीटभट्ट्यांवर जातात आणि उन्हाळा लागता लागता परततात. मुलं बरोबर गेली तर शाळेचं निम्मं वर्ष बुडतं.

इथे एक कागदी गोम आहे. शाळेला किती शिक्षक द्यायचे हे ठरवणारी संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते. कोयता उचलून बाहेर पडण्याआधीची ही तारीख. त्या दिवशी पट भरलेला दिसतो. दोन महिन्यांनी त्यातली किती मुलं वर्गात आहेत, हे त्या आकड्यात येत नाही. मुलं गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहांची सोय आहे. पण ती हंगामाच्या आधी सुरू झाली तरच उपयोगाची. आई-बाप निघून गेल्यावर जेवणाची सोय झाली, तर मूल तोवर उसाच्या फडात पोहोचलेलं असतं.

छोट्या शाळा बंद केल्या तर?

२०२३मध्ये २०पेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या जागी ‘समूह शाळा’ करण्याचा विचार सरकारने पुढे आणला. तेव्हा राज्यात अशा १४ हजार ७००हून अधिक शाळा होत्या आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुलं शिकत होती. सरासरी काढली तर एका शाळेत १२-१३ मुलं.

सरकारच्या म्हणण्यात तथ्य आहे. इतक्या कमी मुलांत खेळ रंगत नाही, विषयाला शिक्षक मिळत नाही. पण किनवट-माहूरच्या डोंगरात किंवा मुखेडच्या तांड्यावर प्रश्न रस्त्याचा आहे. कायद्याने पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. मुलींना एसटीचा मोफत पास आहे, पण जिथे एसटीच जात नाही तिथे तो काय कामाचा? शाळा लांब गेली की आधी मुलीचं नाव कमी होतं. त्यातून बालविवाहाची वाट मोकळी होते.

पुढे काय बघायचं?

वैद्यकीय प्रवेशातलं ७०:३०चं सूत्र मराठवाड्याने जोर लावून २०२०मध्ये रद्द करून घेतलं. या सूत्रामुळे ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांसाठी होत्या आणि मराठवाड्यात कॉलेजं कमी असल्याने इथल्या मुलांचं नुकसान होत होतं. तो लढा रास्तच होता. पण तो बारावीच्या पुढच्या दारासाठी होता.

पहिलीच्या दारासाठीच्या मागण्या त्यापेक्षा साध्या आहेत: हंगाम सुरू झाल्यावर पटाची दुसरी मोजणी, दिवाळीआधी वसतिगृह, आणि शाळा हलवायचीच असेल तर आधी गाडी सुरू करून मग निर्णय. येत्या संचमान्यतेत यातलं काय होतं, यावर तांड्यावरचं मूल अकरावीपर्यंत पोहोचणार की नाही हे बरंचसं ठरेल.