हार्दिकचा फोटो आणि नववीचा दाखला





या अंकात परीक्षांच्या निकालावर लिहायचे ठरवले होते. पण मागच्या महिन्यात एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या आणि विषय बदलला. नववीतल्या एका विद्यार्थ्याचे वडील शाळा सोडल्याचा दाखला मागायला आले. मुलगा क्रिकेट चांगला खेळतो, आता पूर्ण वेळ तेच करायचे म्हणतो. मी कारण विचारले तर म्हणाले, "बाई, हार्दिक पंड्यानेही नववीनंतर शाळा सोडलीच ना!" त्यानंतर दोनच दिवसांनी आमच्या क्रीडाशिक्षकांनी कपाट आवरताना एक जुनी चौकट माझ्या टेबलावर आणून ठेवली. तीही हार्दिकचीच. "हा परत लावायचा का?" त्यांनी विचारले.

तो फोटो मीच उतरवला होता, जानेवारी 2019 मध्ये. म्हणून उत्तर मलाच द्यायला हवे.

आधी थोडे आपल्या गावाविषयी. बडोद्याचे क्रिकेट म्हणजे थांबून खेळण्याचे क्रिकेट, असे आपल्या दांडिया बाजार-रावपुऱ्यातली जुनी मंडळी अजून सांगतात. मार्च 1947 मध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात विजय हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी 577 धावांची भागीदारी केली. (ती झाली माझ्या माहेरच्या होळकर संघाविरुद्ध, त्यामुळे इंदूरला आमच्या घरी हा विषय निघाला की वडील पेपर तोंडासमोर धरत.) अंशुमान गायकवाडांनी 1983 साली जालंधरला पाकिस्तानविरुद्ध 201 धावा केल्या, त्याला 671 मिनिटे लागली. अकरा तासांहून जास्त! आजच्या मुलांना हे सांगितले तर ती विचारतात, "बाई, कंटाळा नाही आला का त्यांना?"

त्याच गावात हार्दिक वाढला. जानेवारी 2016 मध्ये बडोद्याकडून दिल्लीविरुद्ध खेळताना त्याने एका षटकात 34 धावा कुटल्या, अवांतर धरून त्या षटकात 39 झाल्या. 2017 मध्ये चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानसमोर सगळे बाद होत असताना याने 43 चेंडूंत 76 केल्या. त्याच वर्षी श्रीलंकेत पल्लेकेलेला 96 चेंडूंत 108, त्यात एका षटकात 26. आपल्या क्रीडा खोलीत हजारे होते, गायकवाड होते, किरण मोरे होते. मुलांनी वर्गणी काढून हार्दिकचा फोटो आणला आणि मी आनंदाने लावू दिला.

मग 6 जानेवारी 2019 ला 'कॉफी विथ करण' या कार्यक्रमात तो आणि के. एल. राहुल आले. हार्दिक तिथे स्त्रियांविषयी ज्या फुशारकीने बोलला, ते या पत्रिकेत लिहिण्यासारखे नाही. क्रिकेट मंडळाने दोघांना निलंबित करून ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावरून परत पाठवले. आठवड्याभरात तीन मातांनी माझ्याकडे तक्रार केली. दहावीतली एक विद्यार्थिनी तर सरळ म्हणाली, "बाई, मुले ती वाक्ये आमच्यासमोर म्हणून दाखवतात आणि वर तोच भिंतीवर आहे." मी त्याच दुपारी फोटो उतरवला. हे चुकले असे मला आजही वाटत नाही.

चुकले ते पुढचे. त्याची हकीकत तिथे संपली नव्हती. दोघांनी माफी मागितली. 24 जानेवारीला निलंबन उठले, चौकशी मात्र चालू राहिली. एप्रिलमध्ये लोकपाल न्यायमूर्ती डी. के. जैन यांनी प्रत्येकी 20 लाख रुपये दंड केला. तो कुठे भरायचा हेही ठरवून दिले. कर्तव्यावर प्राण गेलेल्या निमलष्करी दलांतल्या शिपायांच्या दहा विधवांना एकेक लाख, आणि अंधांच्या क्रिकेटसाठी 10 लाख. मला हा निकाल फार आवडला होता. चूक काय ते सांगितले, दंड मोजून दिला, तो कुणाच्या तरी उपयोगी पडला, आणि शिक्षा संपली. मी मात्र फोटो कपाटातच ठेवला. कुणी विचारले नाही, मीही विषय काढला नाही. शाळेत आम्ही मुलांना शिक्षा करतो तेव्हाही असे होते का, हे मी त्या दिवशी चौकटीवरची धूळ पुसताना स्वतःला विचारले. होते. एखाद्या मुलाचे नाव एकदा शिक्षक खोलीत खराब झाले की ते दहावीपर्यंत तसेच राहते.

2024 मध्ये तर वेगळाच प्रकार पाहिला. गुजरात टायटन्सला 2022 मध्ये पहिल्याच वर्षी विजेते करणारा हार्दिक मुंबई इंडियन्सकडे परतला आणि रोहित शर्माच्या जागी कप्तान झाला. आधी अहमदाबादला, मग वानखेडेवर, हजारो लोकांनी त्याची हुर्यो केली. वानखेडेवर नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना लोकांना नीट वागायला सांगावे लागले. या वेळी त्याचा गुन्हा काय होता? मालकांनी दिलेले पद त्याने घेतले, इतकाच. शिक्षा मात्र अख्खा मोसम चालली. आपल्या शाळेच्या प्रश्नमंजूषेत त्याचे नाव येताच मुलांनी "हू" केले, आणि मागे बसलेले दोन पालकही हसून त्यात सामील झाले. मी त्या वेळी गप्प बसले.

मग 29 जून 2024. बार्बाडोस. दक्षिण आफ्रिकेला 30 चेंडूंत 30 हव्या होत्या आणि क्लासेन तुटून पडला होता. हार्दिकने सतराव्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर त्याला बाद केले, तेही बाहेर टाकलेल्या संथ चेंडूवर. शेवटच्या षटकात 16 हव्या असताना चेंडू पुन्हा त्याच्याच हातात होता. मिलरचा तो फटका सूर्यकुमारने सीमारेषेवर झेलला, आपण सात धावांनी जिंकलो आणि हार्दिक मैदानावरच रडला. 15 जुलैला मांडवीपासून निघालेल्या त्याच्या उघड्या बसभोवती अख्खे बडोदे लोटले. प्रश्नमंजूषेत "हू" करणारी आमची मुलेही तिथे होती, हे मला त्यांनीच सांगितले.

दुसऱ्या दिवशी एका विश्वस्तांचा फोन आला, "आता तरी फोटो लावा." त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून लिहिते, तेव्हा मी लावला नाही तो याच "आता तरी"मुळे. मिलरचा फटका दोन हात पुढे पडला असता तर हार्दिक फोटोला अपात्र ठरला असता का? विश्वचषक जिंकल्याने 2019 ची वाक्ये पुसली जात नाहीत आणि हरल्याने ती परत येत नाहीत. त्यांचा हिशेब एप्रिल 2019 लाच झाला होता. माझ्या मते फोटो लावायचे कारण ते आहे, आणि त्याला आपण काही वर्षे उशीर केला आहे.

आमच्या एका शिक्षिकेचे मत निराळे आहे. त्या म्हणतात, "माफी मिळाली म्हणून सन्मान द्यायलाच हवा असे कुठे आहे?" हा मुद्दा खोटा नाही आणि त्यावर मी बराच विचार केला. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या एका माजी विद्यार्थ्याने मला बेसबॉलमधल्या बॅरी बाँड्सची गोष्ट सांगितली होती. प्रेक्षकांत चेंडू भिरकावण्यात त्याच्या पुढे कुणी नाही, 762 'होम रन' त्याच्या नावावर आहेत. पण उत्तेजक औषधांचा आरोप असा चिकटला की तिथल्या सन्मान-संग्रहालयात त्याला निवडलेच नाही. 2022 मध्ये दहाव्या वेळीही मते कमी पडली. गंमत म्हणजे ज्या चेंडूने त्याने जुना विक्रम मोडला, तो 756 वा चेंडू त्याच संग्रहालयाकडे आहे, आणि त्यावर चांदणीची खूण कोरलेली आहे. म्हणजे 'यात काही सांगण्यासारखे आहे' अशी खूण. हार्दिकचा गुन्हा त्या जातीचा नाही, त्याच्या धावा खऱ्या आहेत. पण खुणेची कल्पना मला पटली. फोटोखाली धावांबरोबर 2019 चे निलंबन आणि तो दंडही लिहावा. मुली वाचतील, मुलेही वाचतील.

आता त्या दाखल्याचे. पालकांनी लेखी मागितला तर मी अडवू शकत नाही. पण हार्दिकचे उदाहरण द्यायचे तर पुरे द्यावे. वडिलांनी मुलांच्या क्रिकेटसाठी सुरतेतला धंदा बंद करून बडोद्याला घर केले. किरण मोरे यांनी आपल्या अकादमीत पहिली तीन वर्षे फी घेतली नाही. बरोबरीने खेळणारा मोठा भाऊ कृणाल होता. मॅगीवर दिवस काढल्याचे हार्दिक स्वतः सांगतो. इतके सगळे असून 2015 मध्ये मुंबई इंडियन्सने त्याला घेतले ते 10 लाखांना, आणि पुढे 2018 मध्ये दुबईच्या मैदानातून पाठीच्या दुखापतीने त्याला स्ट्रेचरवर न्यावे लागले. शाळा सोडल्यामुळे तो घडला असे यात कुठेच दिसत नाही. त्याच मैदानांवर त्याच्याबरोबर शाळा सोडलेली इतर मुले असतील, त्यांचे फोटो कुणी लावत नाही.

त्या वडिलांना मी इतकेच म्हटले की दाखला दहावीपर्यंत राहू द्या, सकाळचे दोन तास मी सोडते. हा शब्द मी मंडळाला न विचारता दिला, त्याबद्दल क्षमस्व. जिल्हा पातळीवर खेळणाऱ्या मुलामुलींना सकाळचे पहिले दोन तास सवलत द्यावी आणि बुडालेला अभ्यास शनिवारी दुपारी भरून घ्यावा, असा प्रस्ताव पुढच्या सभेत ठेवत आहे. गणित आणि गुजरातीच्या शिक्षकांनी शनिवारची तयारी दाखवली आहे. विज्ञानाचे अजून ठरलेले नाही.

फोटोविषयी ज्यांना विरोध नोंदवायचा आहे त्यांनी सभेपूर्वी कार्यालयात चिठ्ठी द्यावी. नाव लिहिले नाही तरी चालेल. मराठी चुकले तरी चालेल, माझी पदवीही हिंदी माध्यमाचीच आहे.

आपली,
मुख्याध्यापिका