टपातली कासवं

आमच्या गल्लीत एका काकांनी टपात तीन कासवं ठेवली होती. मोठं कासव धाकट्याला खाऊ देईना, पायाला चावायचं. पाणीही नासलं. शेवटी धाकटं मेलं.

घरात कासव असलं की पैसा येतो, असे मोठी माणसे म्हणतात. पण कासवाला काय मिळतं? पाणकासव उन्हाळ्यात चिखलात स्वतःला पुरून घेते. टपात चिखल कुठला? शिवाय आपल्याकडची कासवे धरून पाळणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

माझे मत असे, की वनखात्याला कळवावे. ते योग्य जागी सोडतील. आपल्या तापीमाईत जागा काय थोडी आहे?

उरलेली दोन अजून टपातच आहेत. काका, पालकसभेला याल तेव्हा हे जरूर वाचा.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी