पेटती वात आणि उंदीर

व्यवस्थापनाच्या कार्यशाळांत लष्करी नेतृत्वाचा विषय निघाला की गोष्ट थेट रणांगणावर जाते. धाडस, गनिमी कावा, सैन्याला चेतवणारं भाषण. रुग्णालय चालवणाऱ्याच्या हाती त्यातलं फार थोडं लागतं. आपल्या कामाचं खरं नातं आहे ते छावणीशी. तिथेही शेकडो जीव एका जागी असतात, रात्रंदिवस पहारा असतो आणि साठा संपला की जीव जातात. म्हणून शिवाजी महाराजांनी १६७०च्या दशकात चिपळूण भागातल्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना धाडलेलं पत्र प्रत्येक रुग्णालय प्रशासकाने एकदा तरी वाचावं.

त्या पत्रात लढाईचा विषयच नाही. पावसाळा तोंडावर आला आहे, घोडदळ कोकणात आहे आणि महाराजांना काळजी आहे दाण्याची आणि गवताची. आज आहे म्हणून वाटेल तसा दाणा चाराल तर ऐन पावसात काही उरणार नाही. घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल, हे ते स्पष्ट बजावतात. मग उपाशी माणसं कुणब्यांच्या घरातून धान्य, लाकूडफाटा, भाजी उचलू लागतील, रयत गाव सोडेल, तिला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील. कोठारातल्या निष्काळजीपणाचा माग ते राज्याच्या अब्रूपर्यंत काढतात.

पुढे आगीचा विषय येतो. कोणी स्वयंपाक करील, कोणी तंबाखू ओढायला विस्तव नेईल, आसपास गवत आहे हे कोणी पाहणार नाही. अधिकाऱ्यांनी फिरत राहून हे पाहावं. रात्री दिवा जळता ठेवू नये, कारण उंदीर पेटती वात ओढून नेईल. गवत एकदा जळालं की मग कारकुनांवर कितीही सक्ती केली, कुणब्यांच्या माना मारल्या, तरी पुन्हा गवत मिळणार नाही.

राज्य उभं करणारा माणूस उंदरापर्यंत विचार करतो, याचं मला फार मोल वाटतं. आपली परिपत्रकं काढून पाहा. ‘आगीबाबत आवश्यक ती दक्षता घेण्यात यावी.’ कोणी घ्यायची, किती वाजता, कुठल्या बोर्डापाशी? त्यातून कोणालाच काही कळत नाही, आणि खाली सही असल्याने वरच्याची जबाबदारी मात्र संपल्यासारखी होते.

९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षाला मध्यरात्रीनंतर आग लागली. दहा बाळं गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागात अकरा रुग्ण गेले. १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयात पुन्हा नवजात शिशूंचाच कक्ष पेटला. भंडारा आणि नगर, दोन्हीकडे चौकशी झाली, निलंबनं झाली, परिचारिकांवर गुन्हेही दाखल झाले. गवत जळून गेल्यावरची सक्ती ती हीच. महाराजांनी जबाब मागितला तो आग लागण्याआधी, आणि तोही जुमलेदार-हवालदारांकडे. रात्रपाळीच्या सिस्टरला शेवटी जाब विचारणारी व्यवस्था तिच्या वॉर्डातला तापणारा प्लग कधीच पाहायला गेलेली नसते.

दुसरा धडा जवळच्या काळातला. एप्रिल १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात तातडीने सैन्य पाठवण्याचा विषय मंत्रिमंडळापुढे आला, तेव्हा लष्करप्रमुख सॅम माणेकशा यांनी नकार दिला. त्यांनीच पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार त्यांची कारणं अगदी रोकडी होती: पावसाळ्यात फुगणाऱ्या बंगालच्या नद्या, चीनच्या बाजूच्या उघड्या खिंडी, वापरायला तयार नसलेले रणगाडे. राजीनाम्याची तयारीही त्यांनी दाखवली. युद्ध ३ डिसेंबरला सुरू झालं आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या. आपल्याकडे नव्या कक्षाच्या उद्घाटनाची तारीख आधी ठरते, स्प्रिंकलरचं काम मागाहून ‘करून घेऊ’ म्हणतात. पाहुणे ठरलेले असतात, पत्रिका छापलेल्या असतात. अशा वेळी काम अपुरं असल्याची यादी हातात घेऊन ‘साहेब, आज नाही’ म्हणणारा अधीक्षक हवा. त्याच्या पाठीशी उभे राहणारे विश्वस्त आणि संचालकही हवेत, कारण माणेकशांचं ऐकून घेणारं सरकारही त्या बैठकीत होतं.

वाचकांना आमची एक विनंती आहे. या महिन्यात एका रात्री दोन वाजता सूचना न देता राउंड घ्या. बरोबर इन्चार्ज सिस्टर आणि इलेक्ट्रिशियन असू द्या. एकाच एक्स्टेन्शनवर किती वॉर्मर आणि पंप लावले आहेत ते मोजा, प्लगला हात लावून पाहा, आपत्कालीन दाराची किल्ली कोणाच्या खिशात आहे ते विचारा, अग्निशामक सिलिंडरवरची तारीख वाचा. रात्रपाळीच्या वॉर्डबॉयला तो सिलिंडर चालवून दाखवायला सांगा. सकाळी नवं परिपत्रक काढाल त्यात बोर्डाचा क्रमांक, पाहणीची वेळ आणि तपासणाऱ्याचं नाव लिहा, आणि नावांच्या यादीत पहिलं नाव स्वतःचं घाला.